झोपेची गोळी चालूच ठेवू का?

प्रश्न : वय ५८. महालात, बडकस चौकाजवळ राहते. यजमान गेल्यापासून झोप उडाली. सहा महिने अल्प्राझोलाम घेते. ती सोडून मेलाटोनिन, अश्वगंधा घेऊ का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, गोळी एकदम बंद करू नका. अचानक थांबवल्यास झोप आणखी उडते, हातपाय थरथरतात, क्वचित झटकाही येतो. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतील. पण जुन्या चिठ्ठीवर ती आणत राहणेही बरे नव्हे. वाढत्या वयात या गोळीने तोल जातो, विसराळूपणा वाढतो.

मेलाटोनिन शरीराचे घड्याळ सरकवते. जुनाट निद्रानाशात त्याचा उपयोग माफकच. अश्वगंधेने गुंगी वाढू शकते. थायरॉइडची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नकोच.

पहिला इलाज वर्तनोपचार. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, दुपारी झोपू नका, चारनंतर चहा टाळा. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत बसा. पेंग आली की परत या.

नागपुरातल्या मेयो किंवा मेडिकल रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. तुमचे दुःख मोठे आहे, त्यावरही तिथे बोला. रात्री फार खचल्यासारखे वाटले तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर लगेच फोन करा.