परदेशी राहणाऱ्या माळकऱ्याचा आहार, शक्ती आणि औषध





गळ्यात तुळशीची माळ, एकादशीचे व्रत आणि पंढरीची वारी ह्या वारकऱ्याच्या खुणा लहान मुलालाही ठाऊक आहेत. पूर्वी माळकरी आपल्या गावी राही, शेतात पिकलेले खाई, त्यामुळे आहाराचा वेगळा विचार करण्याचे त्याला कारण पडत नसे. आता त्याचीच मुले-नातवंडे समुद्रापलीकडे नोकरीला गेली आहेत. आम्ही कीर्तनाला उभे राहिलो की नंतर त्यांचे आईबाप येतात आणि विचारतात, "महाराज, पोरगा माळ सोडीत नाही, पण फार थकतो म्हणतो. तिकडं शाकाहारानं ताकद टिकते का? आणि इथून एखादं झाडपाल्याचं औषध पाठवलं तर चालंल का?"

ह्या दोन प्रश्नांचा विचार ह्या पाठात करावयाचा आहे. ह्यात आमच्या हातून घडलेली एक चूकही सांगणार आहोत. ती सांगितल्यावाचून पाठ पुरा होत नाही.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत. तेथे सात्त्विक आहाराची लक्षणे सांगताना तो आयुष्य, बळ आणि आरोग्य वाढविणारा असतो, हे आरंभीच आले आहे. हे लक्षण आपण विसरतो. ताटात मांस नाही, कांदा-लसूण नाही, म्हणजे जेवण सात्त्विक झाले, असे आपण धरून चालतो. पण ज्या अन्नाने अंगात बळ राहात नाही, त्याला सात्त्विक कसे म्हणावे? काय खाऊ नये एवढे माळ सांगते. काय खावे, हे मात्र ज्याचे त्याने शिकावे लागते.

ह्याची दोन उदाहरणे आपल्या देशात होऊन गेली. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फियाच्या कडक थंडीत त्यांनी आपला वेष आणि शाकाहार सोडला नाही. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, पण तब्येत खालावली ती सावरली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने त्यांचे पुण्यात देहावसान झाले. वयाला बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. आता कोणी म्हणेल, शाकाहाराने त्या गेल्या. तसे म्हणणे चूक होय. क्षय जंतूमुळे होतो आणि त्या काळी त्यावर गुणकारी औषध नव्हते. पण परक्या मुलुखात एकटीने चूल सांभाळून अभ्यास करताना पोटाची आबाळ किती झाली असेल, हे कोणत्याही आईला कळेल.

दुसरे उदाहरण गांधीजींचे. ते १८८८ साली लंडनला गेले तेव्हा मांस व मद्य न शिवण्याची शपथ आईपुढे घेऊन गेले होते. पहिले कित्येक दिवस अर्धपोटी काढले. मग फिरता फिरता फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी खाणावळ सापडली. तेथेच त्यांनी हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरचे पुस्तक विकत घेतले आणि पुढे तिथल्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीतही बसले. शपथ आईसाठी घेतली होती, पण ती टिकली त्या देशात काय मिळते ह्याची चौकशी केल्यामुळे. निष्ठेला माहितीची जोड मिळाली, हा ह्या कथेचा मथितार्थ.

आता आमची गोष्ट. २०१८ साली कार्तिकी वारी आटोपून आम्ही लंडनला भाच्याकडे गेलो. भाचा माळकरी, संगणकाच्या कंपनीत कामाला. घरी दोघे नवराबायको. भाच्याचा चेहरा फिका पडलेला, जिना चढला तरी धाप लागे, पायाच्या बोटांना मुंग्या येत. जेवण पाहावे तर सकाळी चहा-बिस्किट, दुपारी पावाचा तुकडा, रात्री भात आणि बटाट्याची भाजी. दूध त्याने सोडले होते, कारण चहात घालण्यापुरतेच ते घरात येई.

आमच्याजवळ एका वैद्याने दिलेल्या शक्तीच्या पुड्या होत्या. पुडीवर ना नाव, ना घटक. आम्ही त्या भाच्याला दिल्या. सूनबाईने विचारले, "मामा, ह्यात काय काय आहे?" आम्ही म्हणालो, "आयुर्वेदिक आहे, काही होत नाही." भाचा तर म्हणाला, "मामा, तुम्ही दिलेलं म्हणजे प्रसादच." त्याने ते दीड-दोन महिने नेमाने घेतले.

माघी एकादशीच्या सुमारास त्याच्या पोटात कळा येऊ लागल्या. शौचास होईना, जेवण जाईना, थकवा दुप्पट झाला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले. रक्तात शिसे निघाले. पुडी तपासली, तीतही शिसे निघाले. बाईंनी पुड्या बंद केल्या, उपचार केले आणि देवाच्या कृपेने तो हळूहळू सुधारला. पण ज्या दिवशी तो इस्पितळात होता, त्या रात्री आमच्या तोंडून हरिपाठ नीट निघेना. प्रसाद म्हणून त्याने जे घेतले ते आम्ही न तपासता दिले होते.

त्याच तपासणीत आणखी एक गोष्ट कळली. मूळचा थकवा शिशाचा नव्हताच. भाच्याच्या रक्तात जीवनसत्त्व ब-१२ फार कमी होते, ड जीवनसत्त्वही कमी होते. म्हणजे आम्ही दुखण्याचे कारण न पाहता वर दुसरे दुखणे लावून दिले. भाचा भीत भीत म्हणाला, "बाई, मांस खायला सांगू नका." बाई हसल्या. म्हणाल्या, "सांगत नाही. पण जे कमी आहे ते तुम्हांला घ्यावंच लागेल."

ते काय, हे समजून घ्या.

ब-१२ हे जीवनसत्त्व १९४८ साली शोधकांच्या हाती लागले. ते सूक्ष्म जंतू तयार करतात. डाळ, भाजी, धान्य ह्यांत ते नसते. शाकाहाऱ्याला ते दूध, दही, ताक, पनीर ह्यांतून मिळते. इंग्लंडमध्ये मोठ्या माणसाची रोजची गरज १.५ मायक्रोग्रॅम धरतात. नेमाने दूध-दही घेणाऱ्याचे बहुधा भागते, पण चहापुरते दूध घेणाऱ्याचे भागत नाही. ते कमी पडले की थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, विसर पडतो, आणि फार दिवस दुर्लक्ष झाले तर नसांची हानी भरून येत नाही. मधुमेहावर मेटफॉर्मिन घेणारे, आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणारे आणि वयस्क लोक ह्यांनी रक्त अवश्य तपासावे.

ड जीवनसत्त्व मुख्यतः उन्हाने अंगात तयार होते. पंढरपूरला बारा महिने ऊन आहे. लंडनला डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो, आणि ऑक्टोबरपासून मार्चच्या आरंभापर्यंत तिथले ऊन ह्या कामी पुरत नाही. म्हणून तिथले सरकारच हिवाळ्यात सर्वांना रोज १० मायक्रोग्रॅम घ्यावयास सांगते. आपल्यासारख्या सावळ्या माणसांनी वर्षभर घेण्याचा विचार करावा, असेही सांगते.

तिसरे लोह. मसूर, हरभरा, राजगिरा, हळीव, तीळ ह्यांत ते आहे. पण शाकाहारातले लोह अंगी लागावयास लिंबू, आवळा, टोमॅटो असे काही आंबट सोबत हवे. जेवणावर लगेच चहा घेतला की ते वाया जाते. चहा तासाभराने घ्यावा.

एकादशीचेही पाहा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता पिष्टमय पदार्थ. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, फळे असा फराळ केला तर व्रतही राहते आणि कामावर चक्करही येत नाही. रोजच्या जेवणात वरण किंवा उसळ, एक पालेभाजी आणि वाटीभर दही हवेच. लंडनमध्ये ज्वारीच्या पिठापासून सर्व मिळते. अडचण मिळण्याची नाही, करण्याच्या कंटाळ्याची आहे.

येथे माळकऱ्याची खरी शंका येते. गोळी घेतली तर माळेला बाध येतो काय? ब-१२ जंतूंकडून आंबवून करतात, त्यात प्राण्याचा अंश नाही. पण कॅप्सूलचे कवच पुष्कळदा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. म्हणून साधी गोळी किंवा शाकाहारी कवचाची कॅप्सूल मागावी. ड-३ बहुधा मेंढीच्या कातरलेल्या लोकरीतील मेणापासून काढतात. ज्याला ते नको, त्याला दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतीपासून केलेले मिळते. चीज घेताना तेही वासराच्या जठरातील रेनेट घालून केलेले नाही ना, हे वेष्टनावर वाचावे. वाचण्याची सवय हीच परदेशातली सोवळ्याची रीत समजा.

आता औषधाविषयी. तुळशीचा काढा, सुंठ, ओवा, जिरे, दुधात चिमूटभर हळद हे घरगुती उपाय अन्नाच्या प्रमाणात असतात, त्यांची भीती नको. पण तीच वस्तू दाट अर्क होऊन गोळीत आली की तिचा गुण आणि दोष दोन्ही वाढतात. ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो. हळदीच्या आणि अश्वगंधाच्या गोळ्यांनी काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डेन्मार्कने २०२३ साली अश्वगंधावर बंदीच घातली. रक्त पातळ करण्याचे औषध घेणारे, थायरॉईडचे रोगी आणि गर्भवती बायका ह्यांनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय असले काही घेऊ नये.

भस्मे आणि रसौषधी ह्यांची गोष्ट निराळी. नागभस्म म्हणजे शिसे, रससिंदुरात पारा. आमच्यावर लहानपणापासून ग्रंथांचे संस्कार आहेत. शोधन-मारणाने धातू निर्विष होतो, असे आम्हीही मानीत होतो. पण २००४ साली अमेरिकेत बोस्टनच्या आसपासच्या दुकानांतून आणलेली ७० आयुर्वेदिक औषधे तपासली, तेव्हा १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाले. अंगात शिसे अमुक इतके चालते, असे आजचे वैद्यक मानीत नाही. आमच्या घरचा दाखला तर डोळ्यांपुढेच आहे.

इंग्लंडमध्ये ३० एप्रिल २०११ पासून कारखान्यात तयार झालेली वनौषधी विकण्यास सरकारी नोंदणी लागते. पारंपरिक औषध म्हणून नोंदलेल्या डबीवर नोंदणीचा क्रमांक असतो. त्याचा अर्थ माल तपासलेला आहे एवढाच. रोग बरा होईलच, असा नव्हे. क्रमांक नसलेली डबी किंवा नाव नसलेली पुडी घेऊ नये, आणि इकडून कोणी पाठवूही नये. तूप-पेढेही नेऊ नयेत. भारतातून दुधाचे पदार्थ तिकडे नेण्यास प्रवाशाला मनाई आहे.

कोणी विचारील, "महाराज, मग आयुर्वेदावर विश्वास ठेवायचा की नाही?" चरकाचार्यांनीच न जाणलेल्या औषधाची गणना विष, शस्त्र आणि अग्नी यांच्यासोबत केली आहे, आणि देश, काळ, प्रकृती पाहून आहार ठरवावा असे सांगितले आहे. आम्ही नाव न पाहता पुडी दिली, तेव्हा आयुर्वेद पाळला नव्हता, मोडला होता. सूनबाईने जो प्रश्न विचारला, तोच खरा शास्त्राचा प्रश्न होता.

तेव्हा परदेशी राहणाऱ्या माळकऱ्याला आणि त्याच्या आईबापांना सांगणे इतकेच. माळ सोडण्याचे कारण नाही. रोज दूध-दही आणि डाळ पोटात जाऊ द्या. थकवा आला तर पुडी शोधण्याआधी रक्त तपासा. घेत असलेले प्रत्येक औषध, देशी असो वा विलायती, डॉक्टरांना मोकळेपणी सांगा. भाचा आज बरा आहे, माळ गळ्यात आहे, आणि आषाढीला येतो तेव्हा दिंडीत आमच्या पुढे चालतो. आम्ही मात्र आता कोणालाही काही देताना आधी विचारतो, ह्यात आहे काय?

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!