पेढीवरची शाळा : शिकणे आणि विसरणे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने शिक्षणाविषयी चार शब्द लिहावयास सांगितले, तेव्हा आम्हांस थोडे हसू आले. मॅट्रिकपलीकडे आमची मजल गेलेली नाही. तथापि वडोदऱ्यात राहणाऱ्याने शाळेबाहेरच्या शिक्षणाविषयी बोलण्यास संकोच करू नये. ज्यांनी हे नगर घडविले ते सयाजीराव महाराज नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातले. १८७५ साली दत्तक आले तेव्हा बाराव्या वर्षी त्यांच्या अक्षरओळखीस आरंभ झाला. त्यांनीच १८९३ मध्ये अमरेली भागात व १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळा सुटली की अक्षर विसरते, हे ओळखून १९१० मध्ये बॉर्डेन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली आणि खेड्यापाड्यांतून पुस्तकांच्या पेट्या फिरविल्या. शिकलेले विसरले जाऊ नये, ही महाराजांची चिंता. आमच्या धंद्यात मात्र उलटी अडचण येते : शिकलेले वेळेवर विसरता येत नाही.

आमचे घराणे मूळचे खानदेशातले. घरी मराठी, पेढीवर गुजराती. १९७७ साली परीक्षेचा निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवशी वडिलांनी आम्हांस हाथीखान्यातील पेढीवर बसविले. गादीवर नव्हे, पोत्यांजवळ. वर्षभर लेखणी हाती दिली नाही. पोत्यात कोपरापर्यंत हात घालावयाचा, आत गारवा आहे की ऊब ते पाहावयाचे. मूठ उघडल्यावर दाणे कसे सुटतात ते पाहावयाचे. मग एक दाणा दाढेखाली धरावयाचा. कडक वाजला तर माल वाळलेला, दबला तर ओला. (पर्युषणाच्या दिवसांत दाढेऐवजी नखावर काम भागवावयाचे.) वडील कधी स्पष्टीकरण देत नसत. चुकलो की एवढेच म्हणत, "पुन्हा हात घाल."

विसरण्याची परीक्षा त्यांनीही एकदा दिली होती. वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला, १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने आला आणि १९६२ पर्यंत जुनी वजने गेली. चाळीस शेरांचा, म्हणजे ३७ किलो ३२४ ग्रॅमांचा सरकारी मण आणि पावकी-निमकीवर क्षणात होणारे त्याचे हिशेब सारे निरुपयोगी झाले. आई सांगे, त्या दिवसांत ते झोपेतही शेर मोजीत. पण मण खरोखर गेला काय? गुजरातच्या बाजारांत आजही भाव मणावर निघतो. मात्र तो मण वीस किलोंचा. जळगावच्या व्यापाऱ्याशी बोलताना आम्ही क्विंटल म्हणतो, आणि फोन ठेवला की मण. वडिलांना एवढे तरी विसरता आले, कारण कायद्याची सक्ती होती. आमच्या हातावर सक्ती करणारा कोणी नव्हता.

वडिलांचा हात तयार झाला तो भालप्रदेशाच्या गव्हावर. पावसाळ्याची ओल जमिनीत धरून, वरून पाणी न देता पिकणारा हा गहू कापणीनंतर दिवसचे दिवस खळ्यावर पडून राही आणि खणखणीत वाळून बाजारात येई. १९८० च्या सुमारास 'लोक-१' पसरू लागला. महाराष्ट्रातील गृहिणी ज्यास 'लोकवन' म्हणतात तो हाच. नानाभाई भट्ट यांनी १९५३ साली सणोसरा येथे स्थापिलेल्या लोकभारती ह्या ग्रामविद्यापीठाच्या शेतातून तो निपजला. हा गहू पाण्याखाली पिकू लागला. पुढे कापणी व मळणी एकदम करणारे हार्वेस्टर आले. सकाळी शेतात उभे असलेले पीक सायंकाळी पोत्यात! खळे गेले, आमची दाढ मात्र खळ्यावर वाळलेल्या गव्हाचीच परीक्षा करीत राहिली.

२०१५ च्या मार्चमध्ये अवकाळी पावसाने उभी पिके भिजविली. त्या वेळी आमच्या पुतण्याने ओलावा मोजण्याचे लहानसे यंत्र आणले होते. तीनशे पोत्यांचा व्यवहार ठरत होता. साठवणीस १२ टक्क्यांच्या आतला गहू निर्धोक समजतात. यंत्राने १४ च्या वर आकडा दाखविला. आम्ही दाणा दाढेखाली धरला आणि हमालांदेखत बोललो, "तुझ्या डबीपेक्षा आमची दाढ वयाने मोठी आहे." तो गप्प राहिला. माल घेतला.

आषाढात वखारीचे दार उघडले तो कुबट वास आला. थप्पीच्या मधल्या पोत्यांत हात घातला तर अंगात ताप असावा तशी ऊब, आणि दाण्यांवर सोंडे चालत होते. पैशाचा तोटा सोसता येतो. पण धुरीची गोळी ठेवावी तर असंख्य जीवांचा घात, न ठेवावी तर शेजारच्या वखारींस धोका, आणि तसाच माल गिऱ्हाइकाच्या माथी मारणे तर शक्यच नव्हते. वडिलांच्या हयातीत आमच्या वखारीत गोळी कधी आली नव्हती, कारण ओला माल त्यांनी कधी आत घेतलाच नाही. त्यांचा नियम त्यांच्या हाताने पाळला होता. तोच हात जसाच्या तसा चालवून आम्ही तो मोडला. अखेर गोळी ठेवावी लागली. ती ठेवणारी माणसे आली तेव्हा आम्ही उठून घरी गेलो. पुतण्या थांबला.

त्या वर्षी संवत्सरीस आम्ही प्रथम त्याच्यापुढे हात जोडले आणि 'मिच्छामि दुक्कडं' म्हटले. तो संकोचला, म्हणाला, "काका, नमुना चुकीच्या पोत्यातून घेतला तर माझे यंत्रही खोटेच बोलते. कोणते पोते उघडायचे ते तुम्ही सांगत जा."

तेव्हापासून पोती आम्ही निवडतो, आकडा तो वाचतो. यंत्र लावण्यापूर्वी आमचा अंदाज पाटीवर खडूने लिहावा, असा त्याचा नियम आहे. अंदाज पुष्कळदा जुळतो. चुकतो तेव्हा बहुधा ओल्यास कोरडे म्हणूनच चुकतो, आणि त्या दिवशी पुतण्या पाटी पुसत नाही. दुकान वाढवीपर्यंत ती तशीच गादीसमोर राहते.