‘ह्यात मी खंय आसंय?’ : आपली गोष्ट आपणच का सांगायची



गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत मी एक यशोगाथा वाचून दाखवली. मीच लिहिलेली. अहवालात लागते तशीच. आधी हलाखीची परिस्थिती, मग ताई गटात आल्या, कर्ज घेतलं, सुक्या मासळीचा व्यवसाय सुरू केला, आज स्वतःच्या पायावर उभ्या आहेत. वाचून झाल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण ज्या काकींची ती गोष्ट होती, त्या गप्पच. थोड्या वेळाने म्हणाल्या, “ह्यां सगळां बरां आसा, पण ह्यात मी खंय आसंय गो बाय?”

मला आधी कळलंच नाही. कर्जाचा आकडा बरोबर होता, हप्ते बरोबर होते. मग काकी बोलायला लागल्या. नवरा मुंबईला गिरणीत होता. संप झाला आणि मनीऑर्डर थांबली. घरात दोन लहान मुलं आणि सासू. तेव्हा सुक्या मासळीची पाटी डोक्यावर घेऊन त्या किनाऱ्यावरून आतल्या गावांत चालत जायच्या. कोणाकडे पैसे नसले तर तांदूळ घ्यायच्या. तेव्हा गट कुठे होता? शेवटी त्या म्हणाल्या, “गटान माका कर्ज दिल्यान, पण पाटी माझीच होती.”

माझ्या लिखाणात काकींचं आयुष्य गटापासून सुरू झालं होतं. त्याआधीची सगळी वर्षं मी ‘हलाखी’ या एका शब्दात गुंडाळली होती. म्हणून या वेळचा आपला अभ्यासाचा विषय आहे : माणसाने स्वतः सांगितलेली गोष्ट.

साहित्यात काय झालं?

आपल्या शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या लेखिका उर्मिला पवार यांचं ‘आयदान’ हे आत्मचरित्र २००३ साली आलं. आयदान म्हणजे बांबूपासून विणलेल्या वस्तू. वडील गेल्यावर त्यांची आई टोपल्या, सुपं विणून घर चालवायची. डोक्यावर ओझं घेऊन डोंगर चढत-उतरत बाजाराला जाणाऱ्या गावच्या बायका त्या पुस्तकात आहेत. कोकण म्हटलं की आपल्यासमोर नारळी-पोफळी, समुद्र, आंबे येतात. त्याच कोकणात जातीमुळे कोणाला दूर उभं राहावं लागत होतं, हे अशा पुस्तकांमुळे वाचकांना कळलं. कोकण तेच, पण सांगणारी बदलली तेव्हा दुसरी बाजू दिसली.

इतिहासात काय झालं?

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी मिळून एक मोठं काम केलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत काम केलेल्या स्त्रियांना शोधून त्यांनी मुलाखती घेतल्या. ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे ते पुस्तक १९८९ साली निघालं. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, नाशिकच्या काळाराम मंदिराचा १९३० चा. दोन्हीकडे स्त्रिया होत्या. पण पुढाऱ्यांची नावं लिहिली गेली आणि बायका ‘महिलांचाही सहभाग होता’ एवढ्या एका ओळीत बसल्या. आपल्याही इतिवृत्तात आपण ‘सर्व महिला उपस्थित होत्या’ असंच लिहितो ना?

काकींच्या संपाचंही तेच. मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, डॉ. दत्ता सामंत नेते होते, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण मनीऑर्डर थांबल्यावर मालवण तालुक्यातल्या घरांत चूल कशी पेटली, हे मला काकींनीच सांगितलं.

समाजाबद्दल काय कळतं?

फलटणच्या बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमचं’ हे पुस्तक १९८६ साली आलं. छोटं दुकान सांभाळत त्या लिहायच्या आणि घरच्यांपासून वह्या लपवून ठेवायच्या. महार समाजावर बाहेरून होणारा अन्याय त्यांनी लिहिलाच, पण घरातल्या सुनेला होणारी मारहाण आणि उपासमारही लिहिली. एकाच घरात दोन प्रकारचं दुःख असतं, ते आतली बाई बोलते तेव्हाच बाहेर येतं. कुटुंबप्रमुखाचं नाव आणि उत्पन्न लिहून घेणाऱ्या सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये ते येत नाही.

मग आठवण म्हणजेच खरं का?

नाही, इथे सावध राहायचं. काकी म्हणाल्या, संप गणपतीत सुरू झाला. तारखेने ते चूक आहे. पण मी पुन्हा विचारलं तेव्हा कळलं, की त्या वर्षी चतुर्थीला नवरा रिकाम्या हाताने गावी आला. काकींच्या घरात संप आला तो तेव्हा. म्हणून मी दोन्ही लिहिलं : संप जानेवारीत सुरू झाला आणि काकींच्या घरी तो गणपतीत पोचला. आठवण चुकली म्हणून खोडायची नाही आणि तपासल्याशिवाय तारीख म्हणून छापायचीही नाही. तीच गोष्ट दुसऱ्या दोघींना विचारायची, जुनं पासबुक, पत्र, फोटो काही आहे का बघायचं.

याचा आपल्या कामाला उपयोग काय?

खूप आहे. माझ्या यशोगाथेवर भरवसा ठेवून आम्ही त्या गटाला मासळी सुकवण्याचं प्रशिक्षण द्यायला निघालो होतो. चाळीस वर्षं मासळी सुकवणाऱ्या बाईला! त्यांना हवा होता वाळत घालायला ओटा आणि पावसाळ्यात माल ठेवायला कोरडी जागा. गोष्ट चुकीची लिहिली की आराखडाही चुकतो.

पुढच्या बैठकीत एवढं करा

१. गटातल्या सगळ्यात मोठ्या ताईंना, काकींना किंवा आजींना अर्धा तास द्या. त्या दिवशी बचत आणि कर्जाचा विषय आधी उरकून घ्या.

२. ‘गटामुळे काय फायदा झाला?’ असं सुरुवातीलाच विचारू नका. विचारा : गटाआधी घर कसं चालायचं? बाजाराला कसं जायचात? मनीऑर्डर कोणाच्या नावाने यायची? तो पैसा कोण खर्च करायचं?

३. त्या बोलतात तशीच मालवणी लिहा. शुद्ध करायला जाऊ नका. लिहायला जमत नसेल तर त्यांना विचारून मोबाईलवर रेकॉर्ड करा.

४. मध्ये तोडू नका. रडू आलं तर थांबा. नको म्हणाल्या तर तिथेच सोडा.

५. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा. नाव छापायचं की नाही हे त्याच ठरवतील. गोष्ट त्यांची आहे, गटाची नाही आणि माझीही नाही.

काकींची गोष्ट मी पुन्हा लिहिली आणि परवा त्यांना वाचून दाखवली. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि एक ओळ काढायला सांगितली. मी काढली. मग म्हणाल्या, “आता बरां. आता माझ्या नातीक वाचूक दी.”

तायांनो, ऐंशी वर्षांच्या आज्या आपल्या वाडीवाडीत आहेत. त्यांच्याकडचं कुठल्याही कपाटात ठेवलेलं नाही. पुढच्या बैठकीची वही उघडाल तेव्हा मागचं एक पान त्यांच्यासाठी ठेवा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक