ब्रेक पॅड कधी बदलावेत?

प्रश्न : माझी गाडी ३०,००० किलोमीटर चालली आहे. ब्रेक नीट लागतात, तरी गॅरेजवाले पॅड बदलायला सांगतात. बदलू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : घाई नको. पॅडचं आयुष्य नुसत्या किलोमीटरवर ठरत नाही. घाटात, गर्दीत ते लवकर झिजतात. चाक काढून तुमच्यासमोर जाडी मोजायला सांगा. नव्या पॅडचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. ३ उरला की बदला. आतला पॅडही बघा, तो अनेकदा आधी संपतो. मात्र ‘ब्रेक लागतात’ यावर विसंबू नका, झिजलेला पॅडही बराच काळ पकडतो. ब्रेक दाबताना चिरका आवाज आला तर लगेच तपासा. घरघर ऐकू आली तर गाडी चालवूच नका, धातू डिस्कवर घासतोय. बदलताना डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदमच बदला.