कंडरेचे दुखणे

स्नायूस हाडाशी जोडणाऱ्या चिवट, पांढऱ्या दोरीस कंडरा म्हणतात. मनगटात किंवा टाचेमागे कळ निघाली म्हणजे ‘शीर आखडली’ असे आपण म्हणतो. पुष्कळदा दुखते ती कंडराच.

आमच्या परभणी जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी चालते. बोंडातून कापूस ओढताना अंगठ्याची एकच हालचाल दिवसभर होते. तेथील कंडरा अरुंद वेष्टनातून सरकतात; अतिश्रमाने ते वेष्टन जाड होऊन दुखू लागते. स्विस शल्यवैद्य द क्वेर्वेन यांनी इ. स. १८९५ मध्ये या विकाराचे वर्णन केले. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकविताच अंगठ्याच्या मुळाशी तीव्र कळ आली, तर हाच विकार असण्याचा संभव असतो.

अशा वेळी जोराने चोळू नये, झटका देऊन ‘शीर बसवू’ नये. कंडरेस रक्त थोडे मिळते, म्हणून ती सावकाश बरी होते. काही दिवस ती हालचाल टाळावी, अंगठ्यास व मनगटास पट्टीचा आधार द्यावा, थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्या. मात्र फार काळ स्वस्थ ठेवल्यास कंडरा दुबळी होते. कळ ओसरताच हलका व्यायाम आरंभावा. टाचेसाठी पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाच हळूहळू खाली न्यावी. टाचेमागे एकाएकी ‘फट्’ असा आवाज झाला, अथवा बोट सुजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे.

वेचणीची मजुरी वजनावर मिळते. म्हणून दुखत असताही आईचा हात थांबत नाही. निदान घरी कपडे पिळणे व घागर उचलणे ही कामे तरी आपण विद्यार्थ्यांनी आपल्याकडे घ्यावी. तिच्या हातास तेवढीच विश्रांती!