दोष कोठे आहे?

यंत्र बिघडले की ते वापरणाऱ्याला वाटते, बिघडलेला भाग काढावा आणि नवा बसवावा. कुशल कारागीर असे करीत नाही. दोष नेमका कोठे आहे, याचा शोध तो आधी घेतो. पुण्याच्या नाना पेठेत वाहनांचे सुटे भाग विकणारी अनेक दुकाने आहेत. तेथे पैसे दिले की भाग मिळतो. परंतु कोणता भाग बदलावयास हवा, हा निर्णय ज्याचा त्यानेच करावा लागतो. जुन्या मोटारींत आढळणाऱ्या दोन दोषांवरून हा शोध कसा करावा, हे आपण पाहू.

पहिला दोष हेडलाइटच्या स्विचचा. समजा, एक जुनी मोटार रात्री कात्रजचा घाट उतरत आहे. पुढचे दोन्ही दिवे एकाएकी विझतात. चालक गाडी कडेला उभी करतो. काही वेळाने दिवे आपोआप पुन्हा लागतात, आणि दहा मिनिटांनी पुन्हा विझतात. घाटाच्या वळणावर असा अंधार होणे म्हणजे प्राणाशीच गाठ! अशा वेळी दिव्यांनाच दोष देणे चुकीचे ठरेल. एकच दिवा विझला असता, तर त्याचा बल्ब, त्याची जोडणी किंवा त्याची अर्थची तार तपासणे योग्य होते. पण दोन्ही दिवे एकाच क्षणी विझतात, त्या अर्थी दोष दोघांना सामाईक असलेल्या मार्गावर असला पाहिजे. शिवाय थंड झाल्यावर दिवे लागतात, यावरून त्या मार्गावरील एखादा सांधा तापून सुटत असावा, असे अनुमान निघते. हात लावून पाहावे, तो स्विच गरम लागतो.

स्विच का तापतो, हे साध्या गणिताने कळते. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते. ६० वॅटचा एक दिवा ५ अँपिअर प्रवाह घेतो. दोन दिव्यांना १० अँपिअर लागतात. अनेक जुन्या मोटारींत हा सारा प्रवाह स्विचच्या चिमुकल्या पट्ट्यांतूनच जातो. त्यांवर गंज चढला की प्रवाहाला अडथळा होतो व उष्णता निर्माण होते. कोणी अधिक उजेडाच्या हौसेने १०० वॅटचे दिवे बसविले, तर प्रवाह जवळजवळ १७ अँपिअर होतो. मग स्विचचे प्लॅस्टिक वितळू लागते. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याच्या जागी जाड तार बसविणे हा तर आगीलाच दिलेला निमंत्रणाचा विडा होय.

यावर खरा उपाय तिहेरी आहे. झिजलेला स्विच बदलावा, दिवे मूळ शक्तीचेच ठेवावेत, आणि फ्यूजसह रिले बसवावा. खडकवासल्याच्या कालव्यावरील पाटकरी पाणी स्वतः वाहून नेत नाही. तो केवळ दार उघडतो. रिलेमुळे स्विचचे काम असेच हलके होते. स्विचमधून अगदी थोडा प्रवाह जातो. त्याच्या बळावर रिलेचे दार उघडते, आणि मोठा प्रवाह बॅटरीकडून जाड तारेने दिव्यांकडे जातो.

दुसरा दोष क्रूझ कंट्रोलचा. चालकाने ठरविलेला वेग आपोआप कायम राखणारी ही योजना आहे. जुन्या जीपमध्ये हाताने ओढावयाची एक गुंडी असे. तिने इंधनाचा पुरवठा एका जागी स्थिर राही. परंतु चढ लागताच गाडी मंदावे व उतारावर ती धावत सुटे. पुरवठा स्थिर ठेवणे आणि वेग स्थिर ठेवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वेग स्थिर राखणाऱ्या नियंत्रकाचा उपयोग जेम्स वॅटने १७८८ साली वाफेच्या इंजिनात केला. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या डिझेल इंजिनांतही असा नियंत्रक असतो. मोटारीसाठी आधुनिक क्रूझ कंट्रोल शोधून काढले ते राल्फ टीटर या अमेरिकन अभियंत्याने. वयाच्या पाचव्या वर्षी त्याची दृष्टी गेली होती. १९५० साली त्याला एकस्व मिळाले आणि १९५८ साली क्रायस्लरच्या मोटारींत ही योजना प्रथम आली.

जुन्या मोटारीतील क्रूझ कंट्रोल चालत नसेल, तर प्रथम फ्यूज पाहावा. नंतर एकाने ब्रेक दाबावा व दुसऱ्याने मागचे तांबडे दिवे पाहावेत. ही दिव्यांची तपासणी का? ब्रेक दाबताच क्रूझ कंट्रोल सुटलेच पाहिजे, म्हणून ते ब्रेकच्या स्विचशी जोडलेले असते. ब्रेक न दाबताही तांबडे दिवे लागून राहिले, तर स्विच बिघडला किंवा सरकला आहे असे समजावे. यंत्राला वाटते की ब्रेक दाबलेलाच आहे, म्हणून ते वेग धरीत नाही. कित्येक गाड्यांत तांबडे दिवे मुळीच लागत नसले, तरीही क्रूझ कंट्रोल चालत नाही. एका दोषाची साक्ष दुसरा भाग देतो, ती अशी. क्लच असलेल्या गाडीत त्याचाही स्विच पाहावा. त्यानंतर, इंजिनातील निर्वाताच्या ओढीने चालणारी यंत्रणा असेल, तर तिच्या रबरी नळ्या कोठे चिरल्या आहेत काय, ते तपासावे. महागडा नियंत्रक बदलण्याची वेळ सर्वांत शेवटी येते.

दुरुस्तीनंतरही क्रूझ कंट्रोल मोकळ्या, कोरड्या रस्त्यावरच वापरावे. घाटात, पावसात किंवा गर्दीत त्याचा आधार घेऊ नये. तसेच ब्रेक दाबल्यावर ते तत्काळ सुटते की नाही, याची खात्री करून घ्यावी. ते सुटत नसेल, तर त्याचा उपयोग मुळीच करू नये.

दोन्ही दोषांचा शोध एकाच रीतीने लागतो. आधी लक्षण नीट पाहावे. कोणता भाग सामाईक आहे याचा विचार करावा. सोपी तपासणी आधी व कठीण नंतर करावी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. या क्रमाने चालणाऱ्याचा पैसा वाचतो, आणि रात्रीच्या घाटात कित्येकदा जीवही वाचतो.

स्वाध्याय

१. दोन्ही दिवे एकदम विझल्यास दोष बल्बमध्ये नसावा, असे का म्हटले आहे?
२. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ४८ वॅटचे दोन दिवे लावल्यास एकूण किती प्रवाह लागेल?
३. क्रूझ कंट्रोलचा दोष शोधताना मागचे तांबडे दिवे का पाहावेत?
४. आपल्या घरातील एखादी बिघडलेली वस्तू घ्या. तिच्यातील दोष कोणत्या क्रमाने शोधाल, ते लिहा.