वाहनदुरुस्तीतील त्रुटी आणि ग्राहकाचे संरक्षण

उत्तर प्रदेशातील झाशी जिल्ह्यात टहरौली हे तहसिलीचे ठिकाण आहे. बुंदेलखंडाच्या इतर भागांप्रमाणे येथील अर्थव्यवहारही मुख्यतः शेतीवर आणि शेती लहरी पावसावर अवलंबून आहे. अशा गावातील एका शेतकऱ्याने बँकेचे कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला, हंगामाच्या तोंडावर विक्रेत्याच्या अधिकृत सेवा केंद्रात त्याची दुरुस्ती करून घेतली आणि चार दिवसांतच तोच दोष पुन्हा उद्भवला, असे समजू. दुरुस्तीचा खर्च वाया जाणे हे त्याच्या नुकसानीचे केवळ एक अंग होय. जमिनीतील वाफसा निघून जातो, भाड्याचा ट्रॅक्टर आणावा लागतो आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. ग्रामीण भागात वाहन हे उत्पादनाचे साधन असल्यामुळे सदोष दुरुस्ती हा विकासाचाही प्रश्न ठरतो. महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांनाही हा प्रश्न अपरिचित नाही.

माहितीची विषमता

जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, विक्रेत्याला वस्तूचा दर्जा माहीत आहे आणि ग्राहकाला नाही, अशा बाजारात चांगला माल मागे पडतो. दुरुस्तीच्या बाबतीत ही विषमता अधिक तीव्र असते. कोणता भाग बिघडला, तो बदलणे आवश्यक होते काय आणि खरोखर बदलला काय, हे ग्राहकाला काम झाल्यानंतरही निश्चितपणे सांगता येत नाही. मायकेल डार्बी व एडी कार्नी यांनी १९७३ मध्ये अशा सेवांना विश्वासावर आधारलेल्या सेवा मानून त्यांचा स्वतंत्र विचार केला. येथे निदान करणारा आणि उपाय विकणारा एकच असतो. शहरात ग्राहक दुसऱ्या गॅरेजकडे वळू शकतो. तहसिलीच्या गावात हा पर्यायही मर्यादित असतो.

अधिकृत केंद्राबाहेर सुटे भाग आणि दोषनिदानाची उपकरणे सहज मिळत नसतील, तर स्पर्धा आणखी क्षीण होते. याच कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार उत्पादकांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. या आदेशाला पुढे आव्हान देण्यात आले; तथापि दुरुस्तीचा बाजार खुला असावा, हा विचार त्यामुळे धोरणाच्या पातळीवर आला. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासंबंधीचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात शेती उपकरणे व मोटार वाहने या दोन्ही क्षेत्रांचा समावेश आहे.

कायद्याची चौकट

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो २० जुलै २०२० पासून अंमलात आला. मोबदला घेऊन केलेल्या दुरुस्तीचा दर्जा अपेक्षेपेक्षा उणा असणे ही या कायद्यानुसार सेवेतील त्रुटी होय. सेवेचे देयक न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. त्रुटी दूर करणे, घेतलेली रक्कम परत करणे आणि निष्काळजीपणामुळे झालेल्या हानीची भरपाई देणे, असे आदेश जिल्हा आयोग देऊ शकतो. ब्रेकच्या सदोष दुरुस्तीमुळे अपघात घडल्यास उत्पादन दायित्वाच्या तरतुदींखाली सेवा देणाऱ्यावर स्वतंत्र जबाबदारी येते.

टहरौलीच्या ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा बदल अधिकारक्षेत्राचा आहे. झाशीची सीमा मध्य प्रदेशाला लागून असल्यामुळे वाहन ग्वाल्हेरला दुरुस्त करून घेतले जाणे अगदी शक्य आहे. पूर्वी तक्रार प्रतिपक्षाच्या ठिकाणी किंवा जेथे तक्रारीचे कारण घडले तेथे करावी लागे. आता ग्राहकाला आपल्या निवासाच्या जिल्ह्यात, म्हणजे झाशी येथे, दाद मागता येते. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असून ती संगणकाद्वारेही दाखल करता येते.

व्यावसायिक प्रयोजनासाठी सेवा घेणारा ग्राहक ठरत नाही, असा आक्षेप वाहनांच्या प्रकरणांत वारंवार घेतला जातो. मात्र केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या व स्वतः वापरलेल्या मालाला हा अपवाद लागू होत नाही. स्वतः रिक्षा चालवून पोट भरणारा हा ग्राहकच होय, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले आहे.

दायित्व कोणाचे?

उत्पादक आणि विक्रेता यांची जबाबदारी एकच मानण्याची चूक अनेकदा होते. गोव्यातील एका ग्राहकाला विक्रेत्याने जुन्या वर्षाची मोटार दिल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये असा निर्णय दिला की, उभयतांतील संबंध स्वतंत्र व्यापाऱ्यांचे असतील, तर विक्रेत्याच्या कृत्याची उत्पादकाला माहिती होती हे सिद्ध झाल्याविना त्याला जबाबदार धरता येणार नाही. म्हणून दुरुस्तीतील त्रुटीसाठी दुरुस्ती करणाऱ्या विक्रेत्याविरुद्ध आणि मूळ दोषासाठी उत्पादकाविरुद्ध आरोप वेगवेगळे व नेमके मांडले पाहिजेत. मागणीही प्रमाणात असावी. दुरुस्त होऊ शकणाऱ्या दोषासाठी संपूर्ण वाहन बदलून मागता येत नाही, असे याच न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले आहे.

पुराव्याचे महत्त्व

सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करण्याचा भार प्रथमतः तक्रारदारावर असतो. त्यामुळे प्रकरणाचा पाया आयोगात नव्हे, तर सेवा केंद्राच्या खिडकीवरच घातला जातो. वाहन देताना जॉब कार्डावर दोषाचे वर्णन ग्राहकाच्या शब्दांत लिहून घ्यावे, अंदाजित खर्च लेखी घ्यावा, बदललेले जुने भाग मागावेत आणि भागवार देयक जपून ठेवावे. दोष पुन्हा आढळल्यास वाहन अन्यत्र उघडण्यापूर्वी विक्रेत्याला लेखी कळवावे. अन्यथा दोष दुसऱ्या मिस्त्रीच्या हातून झाला, असा बचाव सहज घेता येतो. भाड्याच्या ट्रॅक्टरच्या पावत्या नसतील, तर खरे नुकसानही कागदावर शून्य ठरते. दाव्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविल्यास पुष्कळदा तडजोडीचा मार्ग खुला होतो.

पुढील दिशा

तांत्रिक परीक्षणाची गरज नसल्यास तीन महिन्यांत आणि असल्यास पाच महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा सांगतो. अनेक प्रकरणांत हे वेळापत्रक पाळले जात नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने एक हंगाम गेल्यानंतर मिळालेला न्याय अपुराच ठरतो. शिवाय तांत्रिक परीक्षणाचा खर्च सामान्यतः तक्रारदाराला आधी सोसावा लागतो.

यावर दोन उपाय शक्य आहेत. झाशीत बुंदेलखंड अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे. अन्य जिल्ह्यांतही तंत्रनिकेतने आहेत. तेथील तज्ज्ञांची नामिका तयार करून माफक शुल्कात वाहनाचे परीक्षण उपलब्ध करून द्यावे. दुसरे म्हणजे, जॉब कार्डाचा एक सुबोध नमुना स्थानिक भाषेत सर्व केंद्रांना बंधनकारक करावा. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली, त्या परंपरेतील संघटना तहसिलीच्या पातळीवर पोहोचल्यास एकट्या ग्राहकाला आधार मिळेल. तक्रार दाखल करण्याचा अधिकार कायद्याने मान्यताप्राप्त ग्राहक संघटनांनाही दिला आहे. कायद्याने आयोगाचे दार ग्राहकाच्या जिल्ह्यात आणले आहे. हातात पुरावा घेऊन त्याला तेथपर्यंत पोहोचता यावे, हे यापुढील काम आहे.